फोर्जिंगवाल्याच्या बॅगेत ओतीव आयर्न

माझी अठ्ठावीस वर्षं फोर्जिंगमध्ये गेली. भोसरीत सुरुवात, मग चाकण. लालभडक बिलेट डायमध्ये ठेवायचा, वरून हॅमर पडतो, कडेनं फ्लॅश बाहेर येतो, ट्रिमिंग झालं की हातात कनेक्टिंग रॉड. तो दणका अजून झोपेत ऐकू येतो. त्यामुळे एक्कावन्नाव्या वर्षी गोल्फचं वेड लागलं आणि दीडेक वर्षानं स्वतःचे आयर्न, म्हणजे धातूच्या डोक्याच्या गोल्फच्या काठ्या, घ्यायची वेळ आली, तेव्हा माझ्यापुरता प्रश्न सुटलेलाच होता. घ्यायचे तर फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले. ओतीव लोखंड घ्यायला मी काय कोल्हापूरचा आहे?

कोल्हापूरचा माझा साडू आहे. शिरोलीला त्याची फाउंड्री. पंपाची केसिंग, ट्रॅक्टरची हाउसिंग असला माल. नात्यानं आमचं गूळपीठ, धंद्यानं हाडवैर. दर लग्नात, बारशात, अगदी तेराव्यालासुद्धा जेवताना विषय निघतोच : ओतीव श्रेष्ठ की घडीव. मी म्हणायचो, तुमच्या कास्टिंगला ब्लो होल, आत हवेची भोकं. तो म्हणायचा, तुमच्या फोर्जिंगला आकार कुठला देताय, गोळा तो गोळाच. हा वाद गोल्फच्या मैदानावर माझ्याच अंगाशी येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मूळचा मी नाशिकचा. नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लबवर चाललो’ म्हणजे क्रिकेट खेळायला चाललो. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे नाव पाटीवर. तोंडात गोल्फ क्लब ग्राउंड. रणजीचे सामने तिथे पाहिलेत, पण गोल्फची काठी पहिल्यांदा हातात धरली ती पुण्यात, कंपनीच्या एका जपानी ग्राहकाला येरवड्याच्या कोर्सवर घेऊन गेलो तेव्हा. त्यानं मला त्याचा सात नंबरचा आयर्न दिला (नंबर वाढतो तसा बॉल उंच उडतो आणि जवळ पडतो). अकरा वेळा हवा मारली. बारावा बॉल लागला आणि मी संपलो.

कोचनी पहिले सहा महिने रेंजवरच्या जुन्या सात नंबरशिवाय काही हातात धरू दिलं नाही. ते बरोबरच होतं. हँडिकॅप, म्हणजे ‘पार’ या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, निघालं तेव्हा आला २६. ही पद्धत २०२० पासून जगभर एकच झाली आहे आणि तिची कमाल मर्यादा ५४ आहे, त्यामुळे २६ म्हणजे अगदीच रडका नाही. पण अठरा होलमध्ये दोन-चार बॉल झुडपांना अर्पण करणारा खेळाडू, एवढं समजा.

परदेशी निघालेल्या एका ओळखीच्यांकडे मिझुनो या जपानी कंपनीचा सेट विकायला होता. तीन नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांची काठी), आठ आयर्न. ब्लेड. म्हणजे मागची बाजू भरीव, पातळ, आरशासारखी. कुठे खोबण नाही, प्लॅस्टिकचा तुकडा नाही. शाफ्ट जिथे बसतो त्या मानेवर बारीक अक्षरांत कोरलं होतं ‘ग्रेन फ्लो फोर्ज्ड’. मी तिथेच विरघळलो. ग्रेन फ्लो हा आमच्या धंद्यातला देवघरातला शब्द. पोलाद दाबताना त्याच्या कणांच्या रेषा तुकड्याच्या आकाराबरोबर वळल्या पाहिजेत, मध्येच तुटता कामा नयेत. क्रँकशाफ्ट टिकतो तो त्यावर. मिझुनोचे हे आयर्न हिरोशिमाला घडतात, डोकं आणि मान एकाच सळीतून. किंमत विचारली, पंचेचाळीस हजार. घासाघीस केली नाही. बायको म्हणाली, “अहो, मारून तरी बघा.” मी म्हटलं, यात मारून काय बघायचंय!

पहिल्याच आठवड्यात कॅडीनं बघून घेतलं. पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा, क्लबजवळच्या वस्तीतला. कॅडींना खेळायला मिळतं त्या दिवशी पार्च्या आसपास खेळतो. त्याच्या स्वतःच्या बॅगेत तीन कंपन्यांचे आयर्न, मेंबरांनी दिलेले, ग्रिपा झिजलेल्या. माझा सात नंबर त्यानं हातात तोलला, विचारलं, “मारू का साहेब?” आणि मारला. आवाजच आला नाही म्हणा ना. टच् एवढंच. बॉल वर चढला, किंचित डावीकडे झुकला आणि झेंड्याच्या उजव्या अंगाला टपकून थांबला. क्लब पुसून परत देताना म्हणाला, “काठी एक नंबर हाय साहेब. पण ही ऐकून घेणारी काठी नाय.”

त्याचा अर्थ कळायला मला पावसाळा, हिवाळा दोन्ही घालवावे लागले.

जुलैत जमीन मऊ. ब्लेडचा तळ अरुंद, पुढची धार कुदळीसारखी. बॉलच्या इंचभर आधी टेकला की घुसलाच. ढेकूळ माझ्यापुढे, बॉल ढेकळापुढे. डिसेंबरात दुसरी तऱ्हा. सकाळी साडेसहाला बोटं गारठलेली आणि बॉल फेसच्या, म्हणजे बॉलवर आदळणाऱ्या सपाट भागाच्या, टोला, म्हणजे टोकाकडच्या बाजूला लागला, की कोपरापर्यंत झिणझिण्या. एका पार-थ्रीला, म्हणजे तीन फटक्यांच्या होलला, मध्ये पाणी आहे, ओलांडायला १२० यार्ड. नीट लागला तर माझा सात नंबर आरामात पार जायचा. नीट लागायचा तीनातून एकदा.

स्कोअर वाढत गेला. हँडिकॅप २६ वरून २९. मी दोष दिला पाठीला, झोपेला, ग्रिपला, कोचला.

शेवटी जे मी कामावर पहिल्याच दिवशी केलं असतं, ते आठ महिन्यांनी केलं. शॉपमधला मार्किंगचा खडू आणला, सात नंबरच्या फेसवर घासला आणि रेंजवर मोजून पन्नास बॉल मारले. प्रत्येक बॉलचा ठसा खडूवर उमटतो. तो वहीत टिपायचा, खडू पुन्हा घासायचा. पन्नासपैकी मध्यावर १४. टो-कडे २१. हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, ९. उरलेले ६ खालच्या कडेवर, बॉलचं टाळकं फोडणारे. क्वालिटीतला कुठलाही ट्रेनी हा कागद पाहून सांगेल की ही प्रोसेस कंट्रोलमध्ये नाही. आणि अशा प्रोसेसवर मी सगळ्यात घट्ट टॉलरन्सचं ड्रॉइंग लावून बसलो होतो. एखाद्या व्हेंडरनं हे केलं असतं तर त्याला मी उभा आडवा घेतला असता.

मग ब्लेडचं भौतिकशास्त्र नीट उलगडून पाहिलं. ब्लेडमध्ये वस्तुमान मध्याच्या मागे गोळा झालेलं असतं. बॉल मध्यावर लागला तर सगळं मागे उभं राहतं. टोला लागला तर डोकं जागच्या जागी पिळवटतं, वेग गळतो, बॉल आखूड पडतो. यावर उपाय काय, तर वजन मधून काढून कडेला न्या. खांद्यावरची कावड आठवा. दोन टोकांना भरलेल्या घागरी असल्या की ती झटक्यात वळत नाही. तेच वजन मध्यभागी बांधलं तर बोटानं फिरेल. आयर्नच्या पाठीत खोबण करायची आणि वाचलेलं पोलाद टो, हील आणि तळाला द्यायचं : कॅव्हिटी बॅक म्हणतात तो एवढाच प्रकार.

हा विचार ज्यानं रुजवला तो कार्स्टन सोलहाइम. नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत गेलेला, चांभारकी केलेला, मग जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर. गोल्फ लागलं चाळिशीनंतर, म्हणजे आपल्यातलाच. १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये त्यानं पटर, म्हणजे बॉल होलात ढकलायची काठी, बनवला. बॉल लागला की ‘पिंग’ आवाज यायचा, तेच कंपनीचं नाव झालं. पुढे १९८२ चा पिंग आय-२ हा आयर्नचा सेट आला आणि हौशी खेळाडूंच्या बॅगांमध्ये पसरला. इतपत वाचून मी खूश होतो. मग पुढची ओळ वाचली. आय-२ ओतीव होता. कडेला वजन, पाठीत खोल खोबण, वाकडेतिकडे कोपरे असला आकार हॅमरखाली काढणं जिकिरीचं. मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत स्टेनलेस ओतायचं. इन्व्हेस्टमेंट कास्टिंग.

साडूला हे आपण होऊन सांगणार नव्हतो. बायकोनं सांगितलं. रात्री साडेदहाला फोन : “काय साडूभाऊ, ओतीव का शेवटी? लई वर्षं लागली ओ!”

फिटिंगला गेलो तेव्हा मनात हे सगळं होतं. फिटिंग म्हणजे शिंप्याकडे माप देणं, पण इथे माप शरीराइतकंच चुकांचंही घेतात. रडार लावलेली खोली, पडदा, भिंतीवर आयर्न ओळीनं. डाव्या टोकाला ब्लेड, उजव्या टोकाला हँडिकॅप तिशीच्या पुढच्यांसाठीचे जाडजूड. मधले प्रकार बघताना कळतं की ही पायरी-पायरीनं चढणारी गोष्ट आहे. आधी टूरवाल्यांची, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंची, आखूड कॅव्हिटी. मग दिसायला सडपातळ पण आतून पोकळ, पातळ फेसचे, दहा-पंधरा हँडिकॅपवाल्यांना भुरळ घालणारे. मग ‘गेम इम्प्रूव्हमेंट’. या शेवटच्या नावावर माझा आक्षेप आहे. गेम काही सुधारत नाही. चूक स्वस्त पडते. पण ‘स्वस्त चुकांचे आयर्न’ असं दुकानात कोण लिहील?

फिटर तरुण मुलगा होता, मला काका म्हणत होता. म्हणाला, “काका, आधी तुमच्याच सात नंबरनं पंधरा मारा. चांगले-वाईट सगळे मोजू.” पंधरा मारले. माझा क्लबचा वेग ताशी ७४ मैल. ट्रॅकमॅन या रडारवाल्या कंपनीनं प्रसिद्ध केलेले टूरचे सरासरी आकडे त्याच्याकडे होते : पुरुषांच्या पीजीएवाल्यांचा सात नंबरचा वेग ९० आणि हवेतलं अंतर १७२ यार्ड; एलपीजीएच्या महिलांचा ७६ आणि १४१. म्हणजे तुलना करायचीच तर माझी त्या मुलींशी करावी, आणि तिथेही मी मागेच. सगळ्यात चांगला बॉल १३२ गेला. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यानं माझं बोट सरासरीकडे वळवलं. ११४. सगळ्यात आखूड ९६.

“तुम्ही खिशात १३२ घेऊन फिरताय,” तो म्हणाला, “आणि कोर्सवर खर्च ११४ करताय.”

मग उजवीकडचा एक. जाड तळ, मागे मोठी खोबण, हलका शाफ्ट. वरून पाहताना फेसचा वरचा काठ एवढा जाड की फावडं धरल्यासारखं वाटलं. पंधरा मारले. सगळ्यात चांगला १३९, सरासरी १३१, सगळ्यात आखूड १२०. मी सरासरीपेक्षा त्या शेवटच्या आकड्याकडे बघत राहिलो. १२०. पाणी.

पण इथे एक मेख आहे, आणि ती दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. हा सात नंबर तो सात नंबर नव्हेच. माझ्या ब्लेडचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरकेपणा, ३४ अंश होता. या नव्याचा २९. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतही हा खेळ असतो : टायटलिस्टचा टी-१०० घ्या, सात नंबर ३४ अंश; त्याचाच भाऊ टी-३५०, सात नंबर २९. पाच अंश म्हणजे एका नंबरहून जास्त फरक. तळावर सातचा आकडा आहे म्हणून तो सात. यात सगळीच लबाडी नाही. वजन तळाला गेल्यामुळे बॉल आपोआप उंच उडतो, म्हणून लॉफ्ट थोडा आवळायला जागा मिळते. पण ‘नवा सेट घेतल्यावर सात नंबर वीस यार्ड लांब गेला’ असं कोणी क्लबच्या कट्ट्यावर सांगायला लागला, की मी आता लॉफ्ट विचारतो आणि चहा मागवतो.

आवळलेल्या लॉफ्टचा दुसरा त्रास माझ्या वेगाच्या माणसाला होतो. बॉल लांब जातो, पण जमिनीवर येताना सपाट येतो. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, थांबायचा तर उतरण्याचा कोन ४५ अंशांच्या आसपास हवा. माझा ३९ आला. मे महिन्यात पुण्यातली ग्रीन्स कडक असतात, तिथे हा बॉल टप्पा घेऊन मागच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. फिटरनं शाफ्ट बदलले. ब्लेडला होता तो स्टीलचा, सव्वाशे ग्रॅमच्या आसपासचा, स्टिफ. माझ्या वेगाला तो लोढणाच. पंचाण्णव ग्रॅमचा स्टील लावला, मग पासष्टचा ग्रॅफाइट. ग्रॅफाइट म्हातारपणाचं लक्षण, असा माझा समज होता. उतरण्याचा कोन ४३ झाला आणि शेवटच्या पंधरा बॉलांत मी धापा टाकल्या नाहीत. समज गेला.

लाय अँगलची, म्हणजे क्लबची मान जमिनीशी किती उभी ते मोजायची, गोष्ट मला सगळ्यात आवडली, कारण तिला रडार लागत नाही. बॉलवर मार्करनं जाड उभी रेघ काढायची, रेघ फेसकडे करून ठेवायचा आणि मारायचा. फेसवर रेघेचा ठसा येतो. ठसा सरळ उभा असेल तर क्लबची मान तुमच्या मापाची. माझा ठसा तिरका आला. मी पाच फूट पाच. क्लब माझ्यासाठी जास्त उभा होता, हील आधी टेकत होती, टो हवेत. असा क्लब उजव्या हाताच्या माणसाचा बॉल डावीकडे ओढतो. गेले आठ महिने मी हा ओढा खांद्याच्या फिरकीत शोधत होतो! पिंगवाले यासाठी रंगीत ठिपके वापरतात : काळा म्हणजे प्रमाण, लाल म्हणजे थोडा सपाट, निळा म्हणजे थोडा उभा. मला लाल लागला. इथे फोर्जिंगवाला म्हणून एक गोष्ट नोंदवतो : कमी कार्बनच्या मऊ फोर्ज्ड पोलादाची मान एक-दोन अंश सहज वाकवता येते, ओतीव १७-४ स्टेनलेस चिवट असतं, परत उसळतं. त्यामुळे ओतीव घेणाऱ्यानं माप आधीच नीट देऊन मागवावं, नंतर ठोकून बघू म्हणू नये. साडूला हा एक गुण कमी.

सेट ठरवताना खालच्या टोकाला आणखी एक भगदाड निघालं. नव्या सेटचा पिचिंग वेज ४१ अंशांचा. माझ्याकडे सँड वेज होता ५६ चा. मध्ये पंधरा अंश रिकामे, म्हणजे सत्तर ते शंभर यार्डांत माझ्याकडे क्लबच नाही, आणि माझ्यासारख्याचा अर्धा खेळ तिथेच चालतो. जुन्या ब्लेडमध्ये हा प्रश्न नव्हता, त्याचा पिचिंग वेज ४७ चा होता. मग त्याच मालिकेतले ४५.५ आणि ५० चे दोन घेतले. वरच्या टोकाला मात्र काटछाट. माझ्या वेगाला चार आणि पाच नंबर जवळजवळ तेवढेच जातात. पडद्यावर दोघांत पाच यार्डांचा फरक दिसला. चार-पाचच्या जागी हायब्रिड, म्हणजे लांब आयर्नपेक्षा मारायला सोपे फुगीर डोक्याचे क्लब, घेतले. नियमानं चौदा क्लब नेता येतात, माझे तेरा झाले. चौदावी जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी राहिली की चैन पडत नाही असे लोक क्लबवर आहेत.

खर्च एक लाख अडतीस हजार. ब्लेड विकून चाळीस परत आले. फिटिंगची फी सेट घेतल्यावर वळती केली.

बायकोचं पाच मिनिटांत झालं, म्हणून थोडक्यात. ती माझ्यानंतर वर्षभरानं शिकायला लागली तेव्हा मी हुशारी करून एक जुना पुरुषांचा सेट कापून आखूड करून दिला होता. कापलेला स्टीलचा शाफ्ट आणखी ताठ होतो, वजन फारसं कमी होत नाही आणि तोल बिघडतो. ती वर्षभर तेच मारत होती आणि स्वतःला दोष देत होती. फिटरनं तिला सगळ्यात उजवीकडचा, रुंद तळाचा, हलका ग्रॅफाइट दिला. तिसऱ्याच बॉलला ती माझ्याकडे वळून बघायला लागली. मी भिंतीवरचे ब्लेड बघत होतो. तिनं पूर्ण सेट घेतलाच नाही. दोन हायब्रिड, सात, नऊ, सँड वेज, बस. “बाकीचे लागतील तेव्हा घेऊ.” मला हे आठ महिने आणि पंचेचाळीस हजार आधी सुचायला हवं होतं.

नव्या सेटचा पहिला पाऊस मजेत गेला. रुंद तळ मऊ जमिनीत घुसत नाही, घसरतो. मेमध्ये मात्र तोच तळ टणक जमिनीवरून उसळतो आणि बॉलच्या पोटात लागतो. तिथे जुना अरुंद तळच बरा होता. सगळं एका क्लबमध्ये मिळत नाही. हँडिकॅप आज २२ आहे. खडूची चाचणी दर तीन महिन्यांनी करतो. मध्यावरचे ठसे १४ वरून १९ झालेत, टो-कडचे अजून जास्तच आहेत. कॅडीला विचारलं, आता ब्लेड घेऊ का परत? तो नुसता हसला आणि सँड वेज काढून दिला. बॉल बंकरमध्ये होता.

ब्लेडच्या सेटमधला तीन नंबर मी विकला नव्हता. एकदाही न मारलेला, घेणाऱ्यालाही नको होता. एका शनिवारी लॅबमधल्या मित्राकडे नेला. मानेपासून टोपर्यंत उभा कापला, घासून आरसा केला आणि आम्ही क्रँकशाफ्टला करतो तसा गरम हायड्रोक्लोरिक आम्लात वीस मिनिटं ठेवला. बाहेर काढून धुतला. रेषा मानेतून उतरत होत्या, वळणावर एकही न तुटता टोपर्यंत वाहत गेल्या होत्या. आम्लानं अशा रेषा उघड्या करण्याला मॅक्रो-एच म्हणतात; मी आयुष्यात पाहिलेल्या उत्तम मॅक्रो-एचपैकी हा एक. क्रँकशाफ्ट कोट्यवधी फेरे सोसतो, त्याला या रेषा लागतात. माझा सात नंबर वर्षाला दहा हजार बॉलही मारत नाही. तरी तो तुकडा मी वार्निश मारून दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवला.

गणपतीला साडू आला. कपाटापुढे उभा राहिला, चष्मा वर केला, तुकडा खिडकीकडे नेऊन बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. मी वाट बघत होतो. मोदक झाले, आरती झाली, निघताना त्यानं तो तुकडा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला.

“ह्यो मी नेतो. फाउंड्रीत पोरांना दाखवतो.”

“काय सांगशील?”

“सांगतो, आमच्या साडूनं मोडलेली काठी हाय.”